मेंढरांच्या खुरांनी पडलेला पूल

चैत्र अर्धा सरला की आमच्या भागातली रानं उघडी पडतात. गहू-हरभरा घरात येऊन पडलेला असतो, ज्वारीचा कडबा गंजीला लागलेला असतो, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात. काळ्या मातीला भेगा पडू लागतात आणि नजर अडेल असं काही उरत नाही. अशा दिवसांत संध्याकाळी दूरवरून मेंढरांचा आवाज येतो. शेकडो गळ्यांचा मिळून एकच, जाडसर, भिजलेल्या घोंगडीसारखा. मागोमाग वास येतो, लोकरीचा आणि लेंड्यांचा, थोडा आंबूस, थोडा उबदार. हा वास मला लहानपणापासून आवडतो. आणि गेली कित्येक वर्षं याच वासानं मला घास गिळवत नाही.

आवाज दुरून येतो, कारण मेंढरं आमच्या शिवारात नसतात. शिवेपलीकडे, शेजारच्या गावाच्या रानात बसतात. आमच्या गावानं त्यांना बंदी घातलेली आहे. का? तर त्यांनी आमचा पूल पाडला.

हे वाक्य एकदा मोठ्यानं म्हणून बघा. मेंढरांनी पूल पाडला. ज्या दगडी पुलावरून कापसानं शिगोशीग भरलेल्या गाड्या सेलूच्या बाजाराला गेल्या, निजामाच्या अंमलदारांचे घोडे गेले, तो पूल मेंढरांच्या खुरांनी पडला! असं आमचं अख्खं गाव मानतं. पोरं मानतात, पोरांचे बाप मानतात, शिकून मोठ्या शहरांत गेलेलेही मानतात. आणि हे वाक्य गावानं रचलेलं नाही. ते माझं आहे.

आमचं गाव चारठाण्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. डोंगर आणि गाव यांच्या मधे ओढा. ओढ्यावर तो पूल होता, एका कमानीचा. कुणी पांडवांचा म्हणायचं, कुणी निजामाचा. बांधणारानं एखाद्या पडक्या देवळाचे दगड आणून वापरले असावेत, कारण कुठं अर्धी वेल दिसायची, कुठं हत्तीची नुसती सोंड. आणि कमानीच्या ऐन मध्यावर, दर्शनी बाजूला, एक मूर्ती कोरलेला दगड होता. मूर्ती इतकी झिजलेली की देव कोणता ते कळू नये. दोन डोळे आणि वर उचललेला एक हात, बस्स. लोक त्याला पुलोबा म्हणत. बायका पुलावर पालथ्या पडून, खाली हात घालून, त्याला चाचपडत शेंदूर लावायच्या. निम्मा शेंदूर देवाला लागायचा आणि निम्मा ओढ्यात पडायचा. उन्हाळ्यात कोरड्या ओढ्यातल्या वाळूवर त्याचे तांबडे ठिपके दिसायचे.

चैत्रात मेंढरं डोंगरावरून याच पुलानं गावात उतरायची. रानोमाळ हिंडणारी माणसं आणि घर सोडून न हलणारी माणसं यांची गाठ पडायचा तो हंगाम. ज्याच्या रानात कळप मुक्कामाला बसेल त्याच्या रानाला लेंडीखत मिळायचं, आणि पुढच्या सालची ज्वारी बघायला लोक वाट वाकडी करून यायचे. मोबदल्यात मेंढपाळाला धान्य, गूळ, चहा. रानात जाळीचं कुंपण लागायचं, डालग्याखाली कोकरं झाकली जायची, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजल्या जायच्या आणि एरवी मुकं असलेलं रान बोलू लागायचं. आम्ही लहान असताना तांब्या घेऊन मेंढीचं दूध आणायला पळायचो. त्या दुधाचा चहा इतका घट्ट व्हायचा की माझी आई म्हणायची, हा प्यायचा का खायचा?

कळपाचा धनी भिवाजी. उंच, खांद्यावर घोंगडी, पाटलापुढेही तोंड न आवरणारा. मी नवा मास्तर होऊन गावच्याच शाळेत आलो त्या साली पुलावर भेटला तेव्हा म्हणाला, "मास्तर, तुमी पोरायला वळता, मी मेंढरायला. पर माझी घंटा न वाजवता येत्यात बघा." मी म्हणालो, "तुझी घरीही जात नाहीत." त्यावर तो पुलाच्या कठड्याला टेकून इतका हसला की त्याचं कुत्रं भुंकायला लागलं.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी इथं नव्हतो. माझी मुलगी मीरा आणि जावई स्पेनमध्ये असतात, त्यांनी मला तिकडे नेलं होतं. एका रविवारी आम्ही टोलेडोला गेलो. नदीनं तिन्ही अंगांनी वेढलेलं, खडकावर चढलेलं जुनं शहर. नदीवर मुळात रोमन लोकांनी बांधलेला पूल, दोन्ही टोकांना दरवाजे, मधे भलीमोठी कमान आणि तिच्याखालून वाहणारं मातकट हिरवं पाणी. माझे गुडघे कुरकुरतात, तरी मी कठड्याला हात लावत लावत या टोकाहून त्या टोकाला गेलो आणि परत आलो. जावयाला वाटलं, सासऱ्यांना इतिहासाची फार आवड. मी कठड्यावरून इतका वाकलो की मीरा ओरडली, "बाबा, खाली काय बघताय? पडाल!"

मी कमानीतला मधला दगड बघत होतो. तो जागेवर होता.

एका दरवाजावर दगडात कोरलेला लेख होता. जावयानं फोनवर अर्थ शोधून सांगितला. हा पूल पुरात पडला आणि एका राजानं पुन्हा बांधला, असं काहीसं. त्याआधी लढायांमध्येही त्याची मोडतोड झाली होती म्हणे. म्हणजे तोही काही दोन हजार वर्षं जसाच्या तसा उभा नाही. तिकडची माणसं फार शहाणी आणि आपण तेवढे अडाणी, असलं रडगाणं मला गायचं नाही. मला एवढंच लागलं की पूल कशानं पडला ते त्यांनी त्याच्याच अंगावर लिहून ठेवलं आहे. पुरानं पडला तर पुरानं. त्यासाठी कुणाची मेंढरं धरली नाहीत.

नंतर आम्ही नदीपलीकडच्या टेकडीवर गेलो. तिथून सगळं शहर एका नजरेत मावतं. वर चौकोनी किल्ला, मधे चर्चचा मनोरा, उतरणीवर एकमेकांना धरून बसलेली तांबूस घरं आणि खाली नदीचं वळण. उन्हानं तापलेल्या झुडपांचा वास होता, थोडा आपल्या ओव्याच्या वळणाचा. तिथं नाशिकचं एक जोडपं भेटलं. परमुलखात मराठी ऐकली की माणूस लगेच नात्यातला होतो. त्या बाई म्हणाल्या, "किती जपतात ना ही माणसं!"

मीरा म्हणाली, "बाबांच्या गावीसुद्धा असा जुना पूल होता. मेंढपाळांनी पाडला."

"पाडला? म्हणजे कसा?"

"शेकडो मेंढ्या न्यायचे हो त्याच्यावरून. दगड सैल झाले. बाबांनीच सांगितलंय मला लहानपणी."

बाईंचे यजमान हळहळले. म्हणाले, "या लोकांना कशाची किंमतच नसते."

या लोकांना! मेंढराच्या अंगावर कधी हात न ठेवलेला तो गृहस्थ, हातात थंड पेयाची बाटली, अर्धं जग ओलांडून आलेला, आणि भिवाजीच्या घराण्याला निकाली काढून मोकळा झाला. मला त्याचा संताप आला. पण तो माझ्याकडे वळून "काय काका?" म्हणाला तेव्हा मी मान हलवली. खाली नदीचं वळण बघत राहिलो. माझं खोटं डोंगर उतरून, समुद्र ओलांडून, माझ्या मुलीच्या तोंडून माझ्यासमोर येऊन उभं राहिलं होतं, आणि मी त्याला पुन्हा एकदा होकार दिला होता.

तर चाळीसेक वर्षांपूर्वी जे घडलं ते असं.

गावचे मोठे जमीनदार बापूराव पाटील. त्यांच्या आईला स्वप्न पडलं. पुलोबा स्वप्नात आला आणि म्हणाला, माझ्या डोक्यावरून ढोरं चालतात, मला इथून काढा. सकाळी ही गोष्ट गावभर झाली. कालपर्यंत त्याच पुलावरून बैल हाकणारी माणसं कान धरू लागली. देव पायाखाली आहे आणि आपण वरून चालतो, हे पाप! कुणाच्या मनात आलं नाही की देव तिथं बसला होता म्हणूनच आपण चालत होतो. मी तर शिकलेला. शाळेत फळ्यावर कमान काढून, मधल्या दगडानंच ती उभी राहते, हे शिकवलेलं. माझ्याही मनात आलं नाही, किंवा आलं आणि मी ते बाजूला सारलं. चार माणसं दोराला लागली होती, त्यात मास्तरही हवा असं बापूराव म्हणाले, आणि मला मान मिळाल्यासारखं वाटलं.

दगड लांब होता, पुलाच्या पोटात हातभर गेलेला. पहारीनं सांधे मोकळे केले, दोर बांधला आणि हळद-कुंकू वाहून ओढला. तो सुटला तेव्हा पुलातून चुन्याची बारीक धार गळू लागली. जणू कुणी पिठाची गोणी फाडली होती. पण कोण बघतो? देव सुटला होता! ताशा सुरू झाला, गुलाल उधळला, देव बैलगाडीत बसला आणि सगळा गाव पुलाकडे पाठ करून त्याच्या मागे चालू लागला.

दिवस मावळायच्या सुमाराला आम्ही मारुतीच्या पारापाशी आरती म्हणत होतो, तेव्हा तो आवाज आला. आधी धडधड आणि मग, ताशा थांबल्यावर, मेंढरांचा. नेहमीसारखा एकसंध नव्हता. फाटलेला होता.

नेहमीच्या दिवशी, नेहमीच्या वाटेनं भिवाजीचा कळप गावात उतरत होता. निम्मा कळप अलीकडे आला आणि कमान बसली. ओढ्यात दगडांखाली पोटुशा मेंढ्या अडकल्या होत्या, भिवाजीची बायको त्यांच्या तोंडाला पाणी लावत होती. भिवाजी नुसत्या हातांनी दगड उचलत होता. आणि त्या वेळी, ओढ्याच्या काठावर उभं राहून, अंगावर गुलाल असलेला बापूराव काय म्हणाला? "पाडलास का रं पूल?"

मला आजही वाटतं, त्या क्षणी कुणी एकजण बोलला असता तर पुढचं काही झालं नसतं. आम्ही तिथं गावभर माणसं होतो.

पुढं बांधकाम खात्याचा एक साहेब चौकशीला आला. बापूरावांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "आमचे मास्तर सांगतील. शिकलेला मानूस हाय." माझी गावच्या शाळेतली नेमणूक बापूरावांच्या शब्दावर झाली होती. पारावर बसवलेल्या देवासमोर नवस फेडायला रांग लागली होती. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "कळपांच्या खुरांच्या सततच्या आघातानं सांध्यांतला चुना मोकळा झाला असावा." शुद्ध भाषेत सांगितलं की खोटंही शास्त्रासारखं वाटतं. साहेबानं मान डोलावली.

भिवाजी पलीकडे उभा होता. म्हणाला, "साहेब, मेंढरानं पूल पडतोय, मग हत्ती गेला तर डोंगर पडंल का?" सगळे हसले, साहेबही हसला. हसले आणि माझं खरं धरलं.

जाताना भिवाजी माझ्याजवळून गेला. आवाज खाली आणून म्हणाला, "मास्तर, पारावरच्या देवाच्या अंगाला चुना लागलाय. कुठला हो?" मी साहेबाच्या चहाची कपबशी उचलू लागलो. त्यानं वाट पाहिली. मग घोंगडी सावरून निघून गेला.

त्यानंतर गावानं त्याच्या कळपाला शिवारबंदी केली. त्याच्या घराला नाव पडलं, पूलपाडे. त्याचा मुलगा सोपान काही दिवस माझ्या वर्गात होता. पोरं त्याला पूलपाड्या म्हणायची. मी फळ्याकडे तोंड करून उभा असायचो. सोपाननं शाळा सोडली, मी त्याला आणायला गेलो नाही.

देवाचंही नाव गेलं. पुलोबा म्हटलं की पूल आठवतो, म्हणून त्याचं श्री सिद्धेश्वर झालं. आता या वर्षी सिमेंटचं नवं देऊळ उभं राहिलं आहे आणि फाट्यावर भलाथोरला फलक लागला आहे, "स्वयंभू श्री सिद्धेश्वर". स्वयंभू! मी त्या देवाला माझ्या हातांनी दोर लावून ओढला आहे. तळहाताची सालं गेली होती.

बापूराव आता नाहीत. त्यांचा मुलगा दिलीपराव गावाचं बघतो. चैत्रात तो माझ्या ओट्यावर आला. म्हणाला, "गुरुजी, देवळात संगमरवरी पाटी बसवायचीय. चार ओळी लिहून द्या, पर वजनदार. देव जमिनीतून कसा वर आला ते."

मी म्हणालो, "जमिनीतून आला नाही. पुलातून आला. तुझ्या वडलांनी काढला, मी दोर ओढला. म्हणून पूल पडला."

तो हसला. "गुरुजी, उन्हाचं भायेर नका बसू जास्त."

"मी शुद्धीवर आहे."

"मग आसं बोलू नका. कळसाचा दिवस ठरलाय, मंडपवाला ठरलाय, आचारी ठरलाय. अन् समजा, आसंल तसं. आता सांगून कुनाचं भलं व्हनार हाय?"

"सोपानचं."

"कोन सोपान?" तो खरंच विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. "हां, पूलपाड्या व्हय!"

मी उठून आत गेलो. एवढ्या वर्षांत मी पाहुण्याला चहा न देता पाठवलेला तो पहिलाच.

त्याच संध्याकाळी शिवेपलीकडे गेलो. सोपान आता पन्नाशी ओलांडलेला, बापासारखाच उंच. कळप जाळीत घालत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यानं हातातलं काम थांबवलं नाही.

"मला कामून सांगायलात?" तो म्हणाला. "मला म्हाईत हाय. माझ्या बापाला म्हाईत व्हतं."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"बोललो की. कुनी ऐकलं? बाप मरस्तोवर एकच म्हनायचा, मास्तरला इचारा. मास्तर शिकलेला हाय, आज ना उद्या गवाही दील." त्यानं कुंपणाची खुंटी ठोकली. "त्यो तुमच्यावर लय भरवसा ठेवून मेला, मास्तर. मला तुमचा राग येतो त्यो त्याच्यापायी."

त्या माणसाला मी भर गावात खोटा पाडला होता, आणि तो उरलेलं आयुष्य माझी साक्ष काढत जगला. याहून मोठी शिक्षा मला कुठलंही कोर्ट देऊ शकलं नसतं. खाली बसलो. सोपानच्या बायकोनं चहा आणून दिला. तो घट्ट होता, मला संपवता आला नाही.

कळसाच्या दिवशी, गावातला म्हातारा म्हणून, मला दोन शब्द बोलायला बोलावलं. दिलीपरावाला वाटलं असावं, माईक हातात आल्यावर म्हातारा गोड बोलेल. मी सगळं बोललो. स्वप्नापासून चुन्याच्या धारेपर्यंत. "खुरांचा आघात" हे शब्द कुणाचे तेही बोललो. मधेच माईक बंद पडला. पडला की पाडला, ते मंडपवाल्यालाच ठाऊक. मी वर्गात बोलायचो तसा मोठ्यानं बोलत राहिलो. पुढच्या रांगेतली माणसं माझ्याकडे न बघता मंडपाच्या झालरीकडे बघत होती. कुणीतरी म्हणालं, "गुरुजीला खाली बसवा, चक्कर यील."

तेवढ्यात मागून, खांबाला टेकलेला नामदेव उठला. माझ्याहून मोठा, कानानं कमी ऐकणारा. काठी उचलून म्हणाला, "खरं हाय त्ये. पहार माझी व्हती. अजून घरात हाय, आनू का?"

कुणी आणायला सांगितलं नाही. टाळ सुरू झाले, पंगती बसल्या, बुंदी वाढली गेली. संगमरवरी पाटीवर दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून आणलेल्या चार ओळी आहेत. स्वयंभू हा शब्द त्यांत सोनेरी आहे.

मी पुन्हा सोपानकडे गेलो. माझं थोडं रान आहे, वाट्यानं दिलेलं. म्हणालो, "या वर्षी माझ्या रानात मेंढरं बसव. शिवारबंदी मी मानत नाही, बघतो कोण अडवतं." मला हे म्हणताना बरं वाटत होतं, आणि ते त्याला दिसलं असावं.

"नको मास्तर," तो म्हणाला. "मी तुमच्या रानात आलो तर गाव म्हनंल, म्हाताऱ्यानं आपल्या पापापायी बोलावला. तुमचं पाप फिटंल, माझं नाव तसंच ऱ्हाईल. आमी बोलावल्याबिगर कुनाच्या रानात जात न्हाई. पाटलाच्या पोरानं यावं. चार मानसांत यावं अन् म्हनावं, मेंढरं बसवा."

मी दिलीपरावाला तसं जाऊन सांगितलं. तो "बघू" म्हणाला. आम्हा सगळ्यांचं हेच झालं आहे, बघू म्हणतो आणि दुसरीकडे बघतो. गावातले काही जण आता मला रस्त्यात टाळतात. काही जण हळूच म्हणतात, गुरुजी, बरं केलं. हळूच म्हणणाऱ्यांची मला जास्त चीड येते, कारण मी स्वतः आयुष्यभर त्यांच्यातलाच होतो. मीराला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या नाशिकच्या काकांचा नंबर आहे माझ्याकडे. त्यांना कळवते."

वैशाख उतरणीला लागला आहे. पेरण्यांची गडबड सुरू होण्याआधी कळप डोंगराकडे वळतील. तोवर त्याला बोलावायला वेळ आहे. सोपानचा मुक्काम शिवेपलीकडे कॅनॉलच्या कडेला, बाभळींच्या बुडाशी असतो. दिवसा तिथं कुणी भेटत नाही, दिवेलागणीला जावं लागतं. कुत्री भुंकतात, पण चावत नाहीत. जाणाऱ्यानं हाती काही नेलं नाही तरी चालेल. फक्त लांबून हाक मारताना त्याचं नाव घ्यावं. त्याचं नाव सोपान आहे.